सक्करदऱ्यातला हिजामा : पाठ उघडी करण्यापूर्वी

नागपुरात महाल किंवा रेशीमबागेकडून उमरेड रोडला लागायचे तर सक्करदरा चौक चुकत नाही. वरून उड्डाणपूल गेलेला, खाली ऑटो, बस आणि दुचाकींची दाटी. बुधवारी इथला बाजार भरला की भाजीच्या पिशव्या सांभाळत चालणाऱ्या बायांमुळे रस्ता अर्धा होतो. जवळच भोसलेकालीन सक्करदरा तलाव आहे. मराठी पाटीवर ‘सक्करदरा’ असते, उर्दू मजकुरात तेच नाव ‘शकरदरा’ होते.

या भागाची खरी ओळख मात्र आजारी माणसे आणि त्यांना घेऊन आलेली घरची मंडळी ही आहे. चौकातच शासकीय आयुर्वेद महाविद्यालय आणि त्याचे रुग्णालय आहे. त्या भागाला नाव आहे राजे रघुजीनगर. तिथून जवळच ज्याला सगळे नागपूर नुसते ‘मेडिकल’ म्हणते ते १९४७ मध्ये सुरू झालेले शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे. विदर्भाबरोबरच शेजारच्या मध्य प्रदेश आणि छत्तीसगडमधूनही रुग्ण तिथे येतात. आणि याच सक्करदऱ्यात छोटा ताजबाग आहे. कामठीत १८६१ साली जन्मलेल्या बाबा ताजुद्दीन (रह.) यांना राजे रघुजीराव भोसले यांनी १९०८ मध्ये नागपूरच्या वेड्यांच्या इस्पितळातून आपल्या सक्करदऱ्याच्या वाड्यात आणले. १९२५ मध्ये त्यांचे निधन झाले. त्यांचा मजार उमरेड रोडवरच थोडे पुढे, मोठ्या ताजबागेत आहे. मुस्लिमांइतकेच हिंदू भाविकही तिथे येतात आणि त्यांतल्या कित्येकांच्या घरी कोणी ना कोणी आजारी असते.

थोडक्यात, आयुर्वेदाची ओपीडी, अॅलोपॅथीचे मोठे रुग्णालय आणि दुआ मागायची जागा, असे सगळे या एका टापूत आहे. अशा ठिकाणी माणूस एका दाराकडून दुसऱ्या दाराकडे सहज वळतो. कंबरदुखीच्या गोळ्या खाऊन कंटाळलेला म्हणतो, “आता हिजामा करून पाहू.” अलीकडच्या वर्षांत हिजामाचे नाव आपल्या घरांत पुन्हा ऐकू येऊ लागले आहे. मोबाइलवर लाल गोल खुणा असलेल्या पाठींचे फोटो फिरतात, चांद्रमासाची १७ तारीख जवळ आली की निरोप येतात. जाणाऱ्याने जरूर जावे, पण जाण्याआधी तीन गोष्टी विचारून घ्याव्यात : कोणाच्या हातून, कशाने, आणि कोणाच्या अंगावर.

तुंबडी, शिंग आणि हिजामा

हिजामा ही केवळ आपली गोष्ट आहे असे पुष्कळांना वाटते. पण सक्करदऱ्याच्या आयुर्वेद महाविद्यालयात शिकणाऱ्या मुलामुलींना सुश्रुतसंहितेत हीच गोष्ट वेगळ्या नावाने भेटते. रक्तमोक्षणाची तीन साधने सुश्रुतांनी सांगितली आहेत : शृंग म्हणजे शिंग, जलौका म्हणजे जळू, आणि अलाबू म्हणजे पोकळ दुध्या भोपळा. कोणत्या दोषावर कोणते साधन, हेही तिथे ठरवून दिले आहे. मराठीत यालाच ‘तुंबडी लावणे’ म्हणतात. प्राचीन मिसर, यूनान आणि चीनमध्येही ही पद्धत होती. पुढे अरब आणि इराणी हकिमांनी तिच्यावर सविस्तर लिहिले, अंदलुसच्या अल-जहरावींनी तर शस्त्रक्रियेच्या अवजारांची चित्रेही काढून ठेवली. २०१६ च्या रिओ ऑलिम्पिकमध्ये अमेरिकन जलतरणपटू मायकेल फेल्प्सच्या खांद्यावरच्या गोल खुणा जगाने पाहिल्या, त्या कोरड्या कपिंगच्या होत्या.

प्रेषित मुहम्मद (स.) यांनी स्वतः हिजामा करून घेतला आणि त्याला उत्तम उपचारांपैकी एक म्हटले, हे सहीह हदीसांमध्ये आहे. इहरामच्या अवस्थेत डोकेदुखीसाठी त्यांनी डोक्यावर हिजामा केल्याचा उल्लेख बुखारीत आहे. म्हणूनच आपल्या मनात त्याविषयी आदर आहे. पण त्याच हदीससंग्रहांत दुसरीही शिकवण आहे आणि ती फलकांवर क्वचितच दिसते. अबू दाऊद, नसाई आणि इब्न माजा यांच्या संग्रहांतील एका हदीसचा आशय असा की, वैद्यकीचे ज्ञान असल्याची ओळख नसताना जो इलाज करतो, तो होणाऱ्या नुकसानीला जबाबदार आहे. मुवत्ता या संग्रहात एक प्रसंग येतो : जखमी माणसासाठी दोन वैद्य आले, तेव्हा प्रेषितांनी (स.) विचारले की, तुमच्यापैकी वैद्यकीत अधिक जाणकार कोण?

म्हणजे हिजामा करून घेणे हा जसा आदर्श आहे, तसेच ‘अधिक जाणकार कोण?’ असे विचारणे हाही आदर्शच आहे. एक घ्यायचा आणि दुसरा सोडायचा, असे करता येणार नाही.

नेमके काय करतात

हिजामाचे दोन प्रकार आहेत. कोरड्या हिजामात कातडीवर कप ठेवून हातपंपाने किंवा ज्योतीच्या उष्णतेने आतली हवा कमी करतात. कातडी वर ओढली जाते, बारीक रक्तवाहिन्यांतून थोडे रक्त कातडीखाली उतरते आणि गोल, जांभळा डाग पडतो. तो साधारण एक-दोन आठवड्यांत जातो. ओल्या हिजामात कप काही मिनिटे ठेवून काढतात, त्या जागी ब्लेडने वरवरचे ओरखडे काढतात आणि कप पुन्हा लावतात, म्हणजे त्यात रक्त जमा होते. ओरखडे खोल नसतात, नसावेतच. शीर कापणे म्हणजे हिजामा नव्हे.

कपात जमलेले काळपट, जेलीसारखे रक्त दाखवून “पाहा, किती घाण निघाली” असे सांगितले जाते. साचून राहिलेले रक्त कोणाचेही असो, ते काळपट दिसते आणि शरीराबाहेर आले की गोठते. रंगावरून आजार कळत नाही. ‘अशुद्ध रक्त’ तेवढे निवडून बाहेर काढणारा कप नसतो. शरीरातली घाण वेगळी करण्याचे काम मूत्रपिंडे आणि यकृत रात्रंदिवस करत असतात.

मग फायदा होतो का? आतापर्यंतच्या संशोधनांचे आढावे पाहिले तर मानदुखी, पाठदुखी, कंबरदुखी अशा दुखण्यांत काही जणांना काही काळ आराम पडतो, असे दिसते. मात्र यातले बरेच अभ्यास लहान आहेत. मधुमेह, रक्तदाब, वंध्यत्व, थायरॉइड किंवा कर्करोग हिजामाने बरा होतो, असे सिद्ध झालेले नाही. औषधांच्या आणि चमत्कारी उपायांच्या आक्षेपार्ह जाहिरातींवर आपल्या देशात १९५४ पासून कायदा आहे. मधुमेह, कर्करोग, लकवा, हृदयविकार हे आजार त्याच्या यादीत आहेत. ज्या फलकावर यांच्या हमखास इलाजाचे वचन असेल, तिथून मागे फिरावे. मराठीत आणखी एक वाक्प्रचार आहे, ‘स्वतःची तुंबडी भरणे’. तुंबडी लावणारा कोण आणि तुंबडी भरणारा कोण, हे ओळखता आले पाहिजे.

कोणाच्या हातून

भारतात युनानी ही मान्यताप्राप्त चिकित्सापद्धती आहे. हिजामा तिच्या ‘इलाज बित-तदबीर’ या विभागात शिकवला जातो. बीयूएमएस ही युनानीची पदवी आहे, बीएएमएस आयुर्वेदाची. महाराष्ट्रात मालेगाव, पुणे, मुंबई, जळगाव, अक्कलकुवा इथे युनानी महाविद्यालये आहेत. राज्यात व्यवसाय करणाऱ्या युनानी आणि आयुर्वेदिक डॉक्टरांची नोंदणी महाराष्ट्र कौन्सिल ऑफ इंडियन मेडिसिनकडे होते. नोंदणी क्रमांक दवाखान्यात लावलेला असावा. नसेल तर विचारावा. विचारल्यावर जो रागावतो, त्याने उत्तर दिलेच आहे असे समजावे.

दोन-तीन दिवसांचा कोर्स करून, भिंतीवर रंगीत प्रमाणपत्र लावून बसलेला माणूस दीनदार असू शकतो, त्याची नियत साफ असू शकते. पण साफ नियतीने ब्लेड निर्जंतुक होत नाही आणि चक्कर येऊन पडलेल्या माणसाची नाडीही सावरता येत नाही. मेळ्यात, उरुसात, फुटपाथवर किंवा कोणाच्या हॉलमध्ये भरणाऱ्या एक दिवसाच्या शिबिरात ओला हिजामा करून घेऊ नये. उद्या जखम पिकली तर विचारायला जाणार कुठे? शिबिर तर उठून गेलेले असते.

बहिणींसाठी एक गोष्ट. हजरत उम्मे सलमा (रजि.) यांनी हिजामासाठी परवानगी मागितली, तेव्हा प्रेषितांनी (स.) अबू तैबा यांना तो करायला सांगितले. हदीस सांगणारे तिथेच नमूद करतात की, ते त्यांचे दूधभाऊ असावेत किंवा तेव्हा वयात न आलेले असावेत. यातून दोन गोष्टी कळतात : स्त्रीला उपचाराचा हक्क आहे, आणि तिच्या पडद्याचाही विचार आहे. आज स्त्री युनानी डॉक्टर मिळतात. त्यांच्याकडे जावे, आणि सोबत घरातले कोणी तरी असावे.

कशाने

सर्वांत मोठा धोका इथे आहे आणि तो डोळ्यांना दिसत नाही. ओल्या हिजामात रक्ताचा संबंध येतो. हेपॅटायटिस बी, हेपॅटायटिस सी आणि एचआयव्ही हे रक्तातून पसरणारे आजार आहेत. हेपॅटायटिस बीचा विषाणू वाळलेल्या रक्तातही, शरीराबाहेर, किमान ७ दिवस जिवंत राहू शकतो. कप साबणाने विसळला, डेटॉलच्या पाण्यात बुडवला, फडक्याने पुसला, एवढ्याने तो मरत नाही. त्या कपात आधी कोणाचे रक्त होते, हे तुम्हाला कळणार नाही. बाधा झालेल्या माणसालाही वर्षानुवर्षे कळत नाही. यकृत खराब झाल्यावर कळते.

म्हणून डोळ्यांसमोर पाहून घ्यावे : ब्लेडचे पाकीट तुमच्यासमोर फोडले का? कप नवे, एकदाच वापरायचे आहेत का? हातमोजे नवे घातले का? आधी कातडी जंतुनाशकाने स्वच्छ केली का? ज्या चादरीवर झोपायचे ती बदलली का? वापरलेल्या वस्तू कुठे जातात, हेही पाहावे. जैववैद्यकीय कचऱ्याच्या २०१६ च्या नियमांनुसार ब्लेड-सुई पांढऱ्या, न टोचणाऱ्या डब्यात, रक्ताने भिजलेला कापूस पिवळ्या पिशवीत आणि प्लास्टिक लाल पिशवीत टाकायचे असते. हे तीन रंग ज्या दवाखान्यात दिसतात, तिथे बाकीची शिस्तही असण्याची शक्यता अधिक. रक्ताचे कप साध्या कचऱ्याच्या बादलीत पडलेले दिसले, तर सदरा पुन्हा घालून घरी यावे.

काही जण पैसे वाचवायला घरचाच संच आणतात आणि तो अब्बांपासून जावयापर्यंत सगळ्यांना चालतो. हे कधीही करू नये. एकाच घरातली माणसे असली तरी प्रत्येकाचे रक्त वेगळे असते. हेपॅटायटिस बीची लस उपलब्ध आहे. घरातल्या मोठ्यांनी ती घेतली नसेल, तर डॉक्टरांना विचारून घ्यावी. हिजामा करा वा न करा, तिचा उपयोग आहेच.

कोणाच्या अंगावर

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या २०१९-२१ च्या फेरीत महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या निम्म्याहून अधिक स्त्रियांमध्ये रक्ताची कमतरता आढळली. म्हणजे हिजामाला निघालेल्या दोन बहिणींपैकी एकीला रक्त काढण्याऐवजी रक्त वाढवण्याची गरज असू शकते. थकवा, धाप, डोके जड होणे, ही अॅनिमियाचीच लक्षणे आहेत आणि याच तक्रारी घेऊन बाया हिजामाला जातात. आधी हिमोग्लोबिन तपासावे. रक्तदानासाठी आपल्याकडे किमान १२.५ ग्रॅम हिमोग्लोबिन लागते. हिजामात रक्त त्याहून पुष्कळ कमी जाते, पण वरचेवर केल्यास तेही जमा होत जाते. वारंवार ओला हिजामा करून अॅनिमिया झाल्याची उदाहरणे वैद्यकीय नियतकालिकांत नोंदली गेली आहेत.

नागपूर-विदर्भात आणखी एका आजाराचे भान ठेवावे लागते, तो म्हणजे सिकल सेल. विदर्भातल्या अनेक समाजांत तो पिढ्यान्‌पिढ्या आहे. केंद्र सरकारने जुलै २०२३ मध्ये त्याच्या उच्चाटनाची राष्ट्रीय मोहीम सुरू केली. या आजारात हाडे-सांधे असह्य दुखतात. वात समजून अशा मुलाला कप लावला, तर त्याच्या आधीच कमी असलेल्या रक्तातून आणखी रक्त जाते आणि खऱ्या उपचाराला उशीर होतो. लहान वयात वारंवार हाडे दुखत असतील, तर आधी सिकल सेलची तपासणी करावी.

गर्भवती, नुकतीच बाळंत झालेली स्त्री, हिमोफिलियाचा रुग्ण, आणि रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या, म्हणजे अॅस्पिरिन, क्लोपिडोग्रेल, वॉरफॅरिन, घेणारे यांनी ओल्या हिजामापासून दूर राहावे. हिजामासाठी म्हणून या गोळ्या मनाने बंद करणे तर त्याहून घातक. स्टेंट टाकलेल्या माणसाने गोळी थांबवली तर जिवावर बेतू शकते. साखर वाढलेली असेल तर जखम भरत नाही, पिकते. इब्न सीनांनीही आपल्या ‘अल-कानून’ या ग्रंथात अगदी लहान मुले आणि साठी उलटलेले लोक यांना हिजामातून वगळले आहे. आजच्या डॉक्टरांनी सावध केले की काहींना ते सुन्नतविरोधी वाटते, पण आपले जुने हकीमही सरसकट सगळ्यांना कप लावत नव्हते.

आणि काही दुखण्यांत कुठल्याच कपाकडे जायचे नाही. छातीत दाब, डाव्या हातात किंवा जबड्यात कळ, दरदरून घाम. तोंड वाकडे होणे, एक हात-पाय लुळा पडणे, बोबडे बोलणे. अचानक आलेली भयंकर डोकेदुखी. अशा वेळी १०८ ला फोन करायचा किंवा सरळ मेडिकलच्या अपघात विभागात पोहोचायचे. लकव्यात पहिले काही तासच महत्त्वाचे असतात. ते “आधी हिजामा करून पाहू” म्हणण्यात गेले तर परत येत नाहीत.

तारीख, वुजू आणि रोजा

चांद्रमासाच्या १७, १९ आणि २१ तारखांचा उल्लेख हदीसांमध्ये येतो, म्हणून त्या दिवशी गर्दी होते. ही पसंतीची बाब आहे, बंधन नाही. त्या दिवशी दवाखान्यात रांग लागली असेल, एकामागून एक पाठी उरकल्या जात असतील, तर घाईत स्वच्छता सुटण्याची भीती असते. शांत दिवशी, नीट वेळ देणाऱ्या डॉक्टरकडे गेलेले बरे.

विदर्भातले बहुतेक मुस्लिम हनफी आहेत. त्यांच्या फिकहनुसार वाहणाऱ्या रक्ताने वुजू जातो, म्हणून नमाजआधी तो पुन्हा करावा. कोकणातल्या शाफई बांधवांकडे तसे नाही. रोज्यात हिजामा केल्याने रोजा तुटत नाही, असे हनफी, शाफई आणि मालिकी मत आहे. हंबली मताने तुटतो. पण अशक्तपणा येणार असेल तर रोज्यात टाळावाच. आणि रमजान उन्हाळ्यात आला, नागपूरचा पारा ४५ अंशांच्या घरात गेला, तर उपाशी-तहानलेल्या शरीराचे रक्त काढण्यात शहाणपण नाही.

एरवीही पोट पूर्ण रिकामे किंवा तुडुंब असू नये. पाणी पुरेसे प्यावे. रक्त पाहून काहींना चक्कर येते, त्यामुळे पालथे झोपूनच हिजामा करावा आणि झाल्यावर पंधरा-वीस मिनिटे तिथेच पडून राहावे. लगेच दुचाकीला किक मारून उड्डाणपुलावर चढू नये, कोणीतरी न्यायला येऊ द्यावे. पट्टी कोरडी ठेवावी, त्या दिवशी जड काम टाळावे. दोन-तीन दिवसांत जागा लाल होऊन ठणकू लागली, पू आला किंवा ताप चढला, तर हळद लावून वाट पाहू नये, डॉक्टरला दाखवावे. कोरड्या हिजामात ज्योत वापरणार असतील तर भाजण्याचा धोका असतो. पंपाचा कप अधिक सुरक्षित.

एक नाव

सक्करदऱ्यात आयुर्वेदाची ओपीडी आहे, मेडिकल आहे, दुआचे हात आहेत. यातल्या एकाला दुसऱ्याच्या विरोधात उभे करायचे कारण नाही. पाठीच्या दुखण्याला जाणत्या हाताने कप लावून घ्यावा, साखरेची गोळी चालू ठेवावी, आणि शिफा अल्लाहकडे मागावी. हे तिन्ही एकाच घरात, एकाच दिवशी होऊ शकते. मात्र हिजामा करणाऱ्याला आणि आपल्या नेहमीच्या डॉक्टरला, दोघांनाही खरे सांगावे : कोणत्या गोळ्या चालू आहेत, कोणता आजार आहे, काय करून घेतले. डॉक्टरांपासून लपवलेला हिजामा आणि हिजामावाल्यापासून लपवलेला मधुमेह, दोन्ही सारखेच नुकसान करतात.

मदीन्यात प्रेषितांना (स.) हिजामा करणाऱ्या अबू तैबांचे नाव चौदाशे वर्षांनंतरही आपल्याला ठाऊक आहे. त्यांना मजुरी म्हणून धान्य मिळाले आणि त्यांच्यावरचा कराचा बोजा कमी करायला प्रेषितांनी (स.) त्यांच्या मालकांना सांगितले, हेही ठाऊक आहे. आपल्या पाठीला हात लावणाऱ्याचे निदान नाव, पदवी आणि नोंदणी क्रमांक तरी आपल्याला ठाऊक असावा. तो एका कागदावर लिहून घरच्या दवाखान्याच्या फाइलमध्ये ठेवावा, आणि मगच पाठ उघडी करावी.